एका कपाची किटली

चारुशीलानं उभ्या आयुष्यात स्वतःसाठी एकच वस्तू मागितली, आणि ती होती किटली. वाचून हसू आलं तर खुशाल हसा. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मलाही आलं होतं.

आम्ही दोघी तुळजापूरच्या एका शाळेत एकाच वर्षी लागलो. ती विज्ञान शिकवायची, मी गणित. मी धाराशिवहून एसटीनं यायची आणि ती देवळाजवळच्या घरातून चालत, तरी उशीर कायम तिलाच व्हायचा. तिचं घर पुजाऱ्यांचं. पिढ्यानपिढ्या त्यांच्याकडं यजमान उतरतात, म्हणजे देवीच्या दर्शनाला येणारी ठरलेली घराणी. कुणी लातूरकडचे, कुणी पार नांदेडचे. मंगळवार, शुक्रवार, पौर्णिमा, पहाटे कधीही दार वाजतं. त्यांचं आंघोळीचं पाणी, चहा, पुरणाचा नैवेद्य, जेवण, सगळं घरात. चारुशीलाच्या नवऱ्याला गाव भाऊ म्हणतं. भाऊ पूजा सांगायचे, मुलगा कैवल्य मोठा झाल्यावर तोही सांगू लागला, आणि गॅसपुढं चारुशीला. पूजा सांगणाऱ्याला दक्षिणा मिळते. चहा करणाऱ्याला काय मिळतं, ते मी कुठं वाचलेलं नाही.

त्या घरात एका माणसाचा चहा कधी झालाच नाही. पातेलं चढायचं ते घरभर माणसांसाठी. मी एकदा तिला विचारलं, "तू चहा कधी पितेस गं?"

"पातेल्यात उरला तर," ती म्हणाली. तक्रार म्हणून नव्हे. घड्याळात किती वाजले ते सांगावं तसं.

शाळेत मधल्या सुट्टीत शिवप्पा शिपाई सगळ्यांना चहा आणून द्यायचा. तेवढा एक कप तिला आयता मिळायचा. कप दोन्ही हातांत धरून ती खिडकीशी बसायची आणि तो संपेपर्यंत कुणाशी बोलायची नाही. नव्या बाईंना वाटायचं, काय शिष्ट आहे! मी त्यांना गप्प बसवायची.

ती मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली त्या दिवशी शाल झाली, नारळ झाला, भाषणं झाली. भाऊंनाही दोन शब्द बोलायला उठवलं. ते म्हणाले, "आता ही घराकडं पूर्ण वेळ लक्ष देईल." सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तो नारळ मी कुणाच्या डोक्यात घातला नाही, एवढाच त्या दिवशीचा माझा संयम.

आणि झालंही तसंच. कैवल्यचं लग्न काही केल्या जमेना. पुजाऱ्याच्या घरात राबायला आता कुठली शिकलेली मुलगी येते? मी त्या मुलींना दोष देत नाही, उलट त्यांची पाठ थोपटते. सून नाही म्हटल्यावर सासूनंच दोघींचं करायचं. त्यात कैवल्यनं गच्चीवर यजमानांसाठी आणखी खोल्या बांधल्या. घरचं झालं थोडं अन् व्याह्यानं धाडलं घोडं, तशातली गत. इथं तर व्याहीही नव्हता, घोडं घरच्यांनीच आणलं.

मग तिला मोतीबिंदू झाला आणि ऑपरेशनसाठी ती पुण्याला लेकीकडं, निवेदिताकडं गेली. डॉक्टरांनी सांगितलं, गॅससमोर काही दिवस उभं राहायचं नाही. आमची ही लग्नानंतर पहिल्यांदाच बसून राहिली. जावई रोज सकाळी तिच्यासमोर टेबलावर कॉफी करायचा. काचेच्या कपावर नरसाळं, नरसाळ्यात कागद, कागदात ताजी दळलेली कॉफी, आणि वरून लांब, बगळ्याच्या मानेसारख्या चोचीच्या किटलीनं पाण्याची बारीक धार. आधी थोडंसं पाणी घालून थांबायचं. पूड फुगून वर येते. मग गोल गोल, सावकाश.

तिचा मला फोन आला. इतक्या खुशीत मी तिला कधी ऐकलं नव्हतं. "अगं राजेश्वरी, ही तर आपली सहावीची गाळणक्रिया! नरसाळं, गाळणकागद, सगळं तेच. मी आयुष्यभर पोरांना गढूळ पाणी गाळून दाखवलं, आणि जग त्यात कॉफी करत होतं!"

मी म्हटलं, "चव तरी कशी आहे?"

"कडू आहे. पण चांगली कडू." मग म्हणाली, "आणि एका वेळी एकच कप होतो गं. दुसऱ्याला हवा असला तर सगळं पुन्हा पहिल्यापासून. पातेल्यासारखं वाढवता येत नाही."

तेव्हा मला कळलं की हे कॉफीचं वेड नाही. जिच्या हातून कधी एक कप झालाच नाही, तिला एक कप दिसला होता.

परत येताना निवेदितानं तिला नरसाळं, कागद आणि कॉफीची पाकिटं बांधून दिली. किटली मात्र तुझ्या पसंतीनं घे म्हणाली. विजेची घ्यायची की गॅसवरची, एवढाच प्रश्न होता. पैशाची अडचण नव्हती. तिची पेन्शन तिच्या खात्यात येत होती. आम्ही दोघी सोलापूरच्या एका मोठ्या दुकानात गेलो.

दुकानदारानं दोन्ही मांडल्या. गॅसवरची साधी, जाड स्टीलची, दिसायला देखणी. पण पाणी किती तापलं ते अंदाजानं ओळखायचं, उकळी आली की उतरवून जरा थांबायचं, दांडी तापली तर फडकं धरायचं. विजेचीला खाली बैठक. त्यावर आकडे. हवं तेवढं तापमान ठरवून द्यायचं, पाणी तिथवर आलं की ती थांबते, आणि तुम्ही येईपर्यंत पाणी तेवढंच गरम धरून ठेवते.

"धरून ठेवते?" चारुशीलानं विचारलं.

"हो मॅडम. तुम्ही दुसऱ्या कामात असाल तरी."

तिनं दोन्ही किटल्यांतून गार पाणी ओतून बघितलं. शाळेत चंचुपात्रातून ओतायची तसं, मनगट स्थिर ठेवून. मग विजेच्या किटलीवर हात ठेवून मला हळूच म्हणाली, "ही. वरच्या खोलीत ठेवीन, माझ्या पुस्तकांच्या टेबलावर. स्वयंपाकघरात नको."

"का?"

"स्वयंपाकघरात मी दिसले की घराला चहा आठवतो."

मी म्हटलं, घे मग, आत्ताच घे, मी पिशवी धरते. तर म्हणे, "घरी विचारून घेते." निवृत्त मुख्याध्यापिका, दोन पोरांची आई, पेन्शनर, आणि एक किटली घरी विचारून घेणार! मी दुकानातच तिच्यावर ओरडले. दुकानदार बिचारा आकडे दाखवत राहिला.

परतीच्या वाटेवर मी तिच्या घरी उतरले. म्हटलं, बघू तरी काय विचारते. तिनं दारातच विषय काढला, "अहो, विजेची किटली घ्यावी म्हणते. वर ठेवायला," आणि आम्हाला चहा टाकायला आत गेली. म्हणजे तिच्या किटलीची चर्चा बाहेरच्या खोलीत भाऊ, कैवल्य आणि मी केली, आणि ती आत आमचा चहा करत होती. मी तेव्हाच उठून जायला हवं होतं.

भाऊ वाईट माणूस नव्हेत. आवाज चढवत नाहीत, बायकोला टाकून बोलत नाहीत. ते म्हणाले, "विजेचं काय खरं आहे आपल्याकडं? दिवसातून कितीदा जाते."

कैवल्य म्हणाला, "इन्व्हर्टर हे ओढणार नाही, मावशी. आणि वरचं वायरिंग जुनं आहे. बिघडली तर तुळजापुरात कोण दुरुस्त करणार? गॅसवरची घेतली तर बिघडायला त्यात आहे काय? जन्मभर टिकेल."

सगळं खरं होतं. एकेक कारण घासूनपुसून लख्ख. मला खोडून काढता येईना, आणि गणिताच्या बाईला खोडता आलं नाही की तिचा तिळपापड होतो.

मग भाऊ खरं बोलले. "आणि असं बघा बाई, वरच्या खोलीत हिनं वेगळं काही तापवायचं म्हणजे... यजमान घरात वावरतात. पुजाऱ्याच्या बायकोनं वेगळी चूल मांडली म्हणतील. भावाभावांच्या वेगळ्या चुली ऐकल्यात. नवरा-बायकोच्या कधी ऐकल्यात का?"

"भाऊ, एका कप कॉफीची चूल?" मी म्हटलं.

ते हसले. "तुमचं बरं आहे. तुम्ही एकट्या आहात."

हे मला आजवर पुष्कळांनी ऐकवलंय. एकटी बाई म्हणजे जणू सुट्टीवर आलेली बाई. तेवढ्यात चारुशीला ट्रे घेऊन बाहेर आली. सगळं ऐकलं होतं तिनं. माझ्याकडं न बघता म्हणाली, "गॅसवरचीच घेऊ. हेही बरोबरच बोलतायत." कैवल्यनं तिथल्या तिथं फोनवर ऑर्डर दिली. आईसाठी इतक्या झटपट काही केल्याचं समाधान त्याच्या तोंडावर दिसत होतं.

विजेच्या किटलीत दूध उकळता येत नाही, म्हणजे घरभराचा चहा तिच्यात होत नाही. तिच्या बाजूनं बोलण्यासारखी ही सगळ्यात मोठी गोष्ट होती, आणि ती ना दुकानदाराला सुचली, ना मला.

किटली आली त्या संध्याकाळी मी फोन केला. "केलीस का कॉफी?"

"उद्या करते," ती म्हणाली. "आज कुंकू लावून ठेवलंय."

त्या घराची एक रीत आहे. नवं भांडं आलं की आधी त्याला कुंकू लावून देवीपुढं ठेवायचं. दुसऱ्या दिवशी त्यातलं पहिलं यजमानाला द्यायचं, मग घरच्यांनी वापरायचं. चारुशीलाच्या सासूनं घालून दिलेली रीत. पातेली, परात, पाण्याचं पिंप, सगळं याच वाटेनं घरात आलं. पण ही किटली पातेलं नव्हती. खोकं आलं तेव्हा भाऊ देवळात होते, कैवल्य बाहेर होता. तिला कुणीही आठवण करून दिली नाही. खोकं फोडून किटली वर पुस्तकांमागं ठेवली असती तर देवीनंही विचारलं नसतं. मी नंतर तिच्यावर चिडले तेव्हा ती म्हणाली, "अगं, हात आपोआप गेला करंड्याकडं."

दुसऱ्या दिवशी लातूरचे यजमान आले. घरभर माणसं. रीतीप्रमाणं तिनं पातेल्यातला चहा गाळून किटलीत भरला आणि कपांच्या रांगेवरून ओतत गेली. त्या लांब चोचीनं काय धार पडली! एक थेंब बशीत नाही, एक डाग सतरंजीवर नाही. धुण्याभांड्याला येणारी गजराबाई दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "बाई, लई गुणाची किटली हाय बगा. थेंब सुदिक सांडत न्हाय." यजमानीणबाईंनी विचारलं, कुठून आणली? आणि भाऊ कौतुकानं म्हणाले, "इतकी वर्षं असलं भांडं आपल्याकडं कसं नव्हतं?"

झालं. त्या सकाळी किटलीची नेमणूक झाली.

चारुशीलानं प्रयत्न केला नाही असं नाही. पहाटे सगळ्यांच्या आधी उठून ती किटली घासायची, चोचीत बारीक ब्रश घालून चिकटलेली साय काढायची. तरी आल्याचा वास जात नसे. किटलीचं बूड लहान, मोठ्या शेगडीवर ती कलंडायची; लहान शेगडीवर दूध असायचं. मग दुधाचं होईपर्यंत थांबायचं. किटली गॅसवर दिसली की कुणीतरी डोकवायचंच. "चहा टाकलास का? टाकलाच आहेस तर वरच्या खोलीतल्या पाहुण्यांचाही टाक." सरळ विचारायचे हो, जुलूम नव्हता. जुलूम असता तर बरं झालं असतं, भांडता तरी आलं असतं.

मी चैत्री पौर्णिमेनंतर तिच्याकडं गेले. गर्दी ओसरली होती, तरी घर भरलेलंच होतं. भाऊ एका यजमानाला प्रसादाचं कुंकू बांधून देत होते. पुडीचा कागद बघितला आणि मी जागच्या जागी थांबले. कॉफीचा गाळणकागद! आयता शंकूच्या आकाराचा, कुंकू भरून वरचं टोक दुमडलं की झाली पुडी. समईशेजारी तेलाच्या बाटलीवर नरसाळं होतं, काठाला काजळी. आणि चारुशीला किटली घेऊन रांगेतल्या कपांत चहा ओतत होती. मनगट तसंच, प्रयोगशाळेतलं.

मी तिला हाताला धरून स्वयंपाकघरात नेलं. "हे काय चाललंय?"

"जाऊ दे गं. कागद नुसते पडून होते. देवीच्या कामी आले."

"आणि तू? तू कुणाच्या कामी आलीस?"

ती ओट्याला टेकून उभी राहिली. किती वर्षांत मी तिला रडताना पाहिलं नव्हतं, आणि तेव्हाही ती रडली नाही. म्हणाली, "मला राग येतो, राजेश्वरी. फार राग येतो. रात्री झोपताना येतो, उठताना येतो. पण कुणावर काढू ते सापडत नाही. ह्यांनी काय केलं? कैवल्यनं काय केलं? किटली आणूनच दिली की. कुंकू मी लावलं." मग पदरानं किटलीची दांडी पुसत म्हणाली, "आपलेच दात अन् आपलेच ओठ."

बाहेरून कुणीतरी कप मागितला. ती गेली.

त्याच आठवड्यात मी सोलापूरला जाऊन विजेची किटली घेतली. तीच, आकड्यांची. नवं नरसाळं घेतलं, कागद घेतले, आणि सगळं धाराशिवला माझ्या घरी टेबलावर मांडून ठेवलं. तिला कळवलं, "तुझी कॉफी माझ्याकडं आहे. ये." माझ्या घरात देवाचा कोनाडा आहे, पण यजमान नाहीत. कुंकवाचा करंडा मी मुद्दाम कपाटात कुलपात ठेवला.

ती आली पावसाळा संपता संपता, डोळे तपासायला. दवाखान्यातून थेट माझ्याकडं. वीज होती, नसती तर मी महावितरणच्या दारात जाऊन बसले असते. मी खुर्ची ओढून दिली आणि म्हटलं, "आज मी हात लावणार नाही. तूच कर आणि तूच पी. मी फक्त बघणार."

तिनं आकडा ठरवला. पाणी तिथवर आलं आणि किटलीनं बारीक आवाज केला. तिनं कागद नीट दुमडून नरसाळ्यात बसवला, पाण्यानं भिजवला, ते पाणी फेकून दिलं. पूड घातली, थोडं पाणी सोडलं आणि थांबली. "बघ, बघ, कशी फुगतेय," ती म्हणाली. वर्गात मागच्या बाकावरच्या पोरांनाही दिसावं म्हणून बाजूला सरकायची, तशीच सरकली. मग गोल गोल, सावकाश, धार न तुटता. खोलीभर वास पसरला. मला वाटलं, आपण आयुष्यात एक तरी काम धड केलं.

कप भरला. तिनं नरसाळं उचलून बाजूला ठेवलं, कप बशीत ठेवला, आणि बशी माझ्यासमोर सरकवली.

"अगं, हा तुझा!"

"तू घे आधी. मी माझा करते की लगेच. पाणी आहेच गरम."

मी बशी तिच्याकडं ढकलली, तिनं पुन्हा माझ्याकडं. दोन म्हाताऱ्या एका कपावरून झटापट करत होत्या, आणि तेवढ्यात तिचा फोन वाजला. भाऊंचा आवाज मलाही ऐकू येत होता. हिंगोलीचे यजमान न कळवता आले होते, गजराबाईचा आज खाडा होता. "किती वेळ लागेल गं यायला?" त्यांनी नुसतं विचारलं. ये असंही म्हणाले नाहीत.

"निघालेच," ती म्हणाली.

"हा एवढा तरी पिऊन जा," मी म्हटलं.

तिनं कप उचलला, ओठाला लावला आणि परत ठेवला. "चटका बसतोय गं. घोट घोट प्यायला वेळ कुठाय?" पर्स घेतली, चप्पल घातली. दारातून वळून म्हणाली, "धार चांगली पडते हिची. जप."

मी तिला रिक्षात बसवून आले. टेबलावर कप तसाच होता आणि किटलीच्या बैठकीवर आकडा जळत होता. दुसऱ्या कपाचं पाणी, तिच्या कपाचं, किटलीनं तेवढंच गरम धरून ठेवलं होतं. उभ्या जन्मात चारुशीलासाठी कुणी पाणी गरम धरून ठेवलं ते या यंत्रानं, आणि ती निघून गेली होती. मी बराच वेळ तो आकडा बघत बसले. मग उठून बटण बंद केलं.